मावशींनी चांदणी दाबली

मावशींची तक्रार जावयाबद्दल होती आणि ती लग्न झाल्या दिवसापासूनची होती. माणूस म्हणून जावई चांगला. व्यसन नाही, उधळेपणा नाही, आवाज चढवणं नाही. पण चढवायला आधी आवाज असावा लागतो, असं मावशींचं म्हणणं. "जेवलात का, जावईबापू?" म्हणून विचारावं, तर "हो." काय जेवलात, भाजी कशी झाली होती, आमच्या लेकीने मीठ घातलं होतं की नेहमीसारखी विसरली, यातलं एक अक्षर नाही. "घरी सगळे बरे?" "बरे." संपलं. पुढे कधीतरी तिसऱ्याच माणसाकडून मावशींना कळलं, की त्याच सुमारास जावयाचे वडील पाय मोडून पलंगावर पडले होते. मावशींनी जाब विचारला. त्यावर जावई शांतपणे म्हणाले, "तुम्ही 'बरे आहेत का' विचारलंत. बरे होते. पाय तेवढा मोडला होता."

"तुझ्या नवऱ्याशी बोलायचं म्हणजे वकील लावावा लागतो," मावशी लेकीला म्हणाल्या. "प्रश्न चुकला की माणूस हातचा गेला."

लेक म्हणाली, "आई, ते कॉम्प्युटर शिकवतात. त्यांना सवय आहे तशी."

"मी आयुष्यभर कपडे धुतले, म्हणून काय आल्यागेल्याला पिळते?"

सूनबाई आतल्या खोलीत होती, तिला एकदम खोकला आला.

तर अशा या जावयाच्या हाती आपली इज्जत द्यायची वेळ मावशींवर आली, आणि तीही एका कोटापायी.

लॉन्ड्री मावशींची. पाटीवर मुलाचं नाव होतं, पण पाटी बाहेर असते आणि मावशी आत असत. काउंटरमागे वेताची एक रुंद खुर्ची होती. तिच्यात बसलं की दार, रस्ता, शेजारचं औषधाचं दुकान आणि समोरच्या घड्याळवाल्याकडे कोण आलं-गेलं, हे सगळं मान न वळवता दिसे. त्या खुर्चीत बसून मावशींनी कितीतरी कपडे घेतले आणि दिले. लिहिणं असं काही नव्हतं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण कपडा एकदा हातातून गेला की तो कुणाचा हे त्या झोपेतसुद्धा सांगत. एवढंच नाही, तो माणूस त्या आठवड्यात बायकोशी भांडला होता की नाही, हेही शर्टाच्या बाहीवरून सांगत.

आणि एका सोमवारी दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट बेकरीवाल्याकडे गेला आणि बेकरीवाल्याचा डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी तो घाईत चढवला आणि खिशावर रेशमाने भरलेला केक मिरवत अर्धी सकाळ लोकांचे दात पाहिले. मुलांनी दात दाखवायचे सोडून केक मागितला म्हणे.

"मग रडली तर नाहीत ना मुलं?" मावशी म्हणाल्या. "त्यांच्या दवाखान्यात मूल पहिल्यांदा हसलं असेल. त्याबद्दल काही मागत नाहीये मी."

पण मुलगा ऐकेना. "आई, वय झालं. आता तू आत बस. आराम कर."

आराम हा शब्द मावशींना ऐकवत नसे. थंडी संपली की लोक लोकरीचा कोट धुऊन घेतात, खिशात डांबराच्या गोळ्या घालतात आणि कपाटात मागे टांगून ठेवतात, तसं काहीतरी त्यांना त्या शब्दात दिसे.

"आणि खुर्चीत कोण बसणार?"

"कॉम्प्युटर घेऊया. सगळं त्यात भरायचं. मग ज्याला तो चालवता येईल तो बसेल," मुलगा म्हणाला. म्हणताना त्याने सूनबाईकडे पाहिलं. तेवढं एक पाहणं मावशींना पुरलं.

"ठरलं," मावशी म्हणाल्या. "ज्याला चालवता येईल तो. बोलावा जावईबापूंना."

जावई आले, बसले, पाणी प्यायले. काय काय कपडे येतात, कसे जातात, चिठ्ठीवर काय काय हवं, हे त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाले, "दोन तक्ते करावे लागतील. एकात गिऱ्हाइकं. दुसऱ्यात कपडे."

मावशींनी चष्मा वर केला. "म्हणजे माणसं एकीकडे आणि त्यांचे कपडे दुसरीकडे?"

"हो."

"तुमच्या वर्गात चालत असेल असलं. माझ्या दुकानात नाही चालायचं."

औषधवाले शेजारून खास हा प्रकार बघायला आले होते. ते तोंडावर रुमाल धरून मागे फिरले. जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं: प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नंबर द्यायचा, तो नंबर कपड्यांच्या तक्त्यातही लिहायचा, म्हणजे हवं तेव्हा दोन्ही तक्ते त्या नंबरावर जोडता येतात.

"म्हणजे लागलंच तर कपडे घालता येतात," मावशी म्हणाल्या. "मग ठीक आहे."

नंबरावरून आठवडाभर गल्लीत रान पेटलं. बँकेतल्या साहेबांना पहिला नंबर हवा होता. वकिलांनाही तोच हवा होता आणि तो आपल्याला का मिळावा याची त्यांच्याकडे कारणं होती. मुख्याध्यापिकाबाईंना नंबराची गरज वाटत नव्हती, पण आपला नंबर गाण्याच्या सरांच्या खाली असू नये एवढी माफक अपेक्षा होती. घड्याळवाले म्हणाले की नंबर लकी बघून घ्यावा. औषधवाले म्हणाले की नंबर देऊच नका, लोक कैद्यासारखे दिसतात. शेवटी मशीन स्वतःच येईल तसे नंबर देतं, माणसाला त्यात बोट घालता येत नाही, असं जावयाने सांगितलं, तेव्हा कुठे सगळे गप्प बसले. माणसाच्या निर्णयावर जितका राग येतो तितका मशीनच्या निर्णयावर येत नाही, ही गोष्ट मावशींनी तेव्हाच मनाशी टिपून ठेवली.

गाण्याच्या सरांकडे फोन नव्हता. फोनची जागा रिकामी ठेवून मशीन पुढे सरकेना. "सर, एखादा घ्या की," मुलगा म्हणाला. सर म्हणाले, "फोनच्या घंटेने सूर बिघडतो." मग त्यांच्या नावापुढे औषधवाल्यांचा फोन घातला. परिणामी गाण्याच्या सरांचा लेंगा तयार झाला की औषधवाल्यांना दुकानातलं गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडून सांगायला जावं लागे. ते जात, पण दर वेळी परत येऊन मावशींना सुधारणेचे चार उपाय सांगत.

तक्त्यात शेवटची जागा 'शेरा' अशी होती. "काही विशेष असेल तर इथे," जावई म्हणाले.

आता त्यांच्या मनात विशेष म्हणजे 'स्टार्च नको', 'बटणं सांभाळा' असं काही असणार. पण ते त्यांनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. मावशींच्या लेखी विशेष म्हणजे ज्यावरून माणूस माणूस म्हणून ओळखू येतो ते. त्या खुर्चीत मागे रेलल्या, डोळे मिटले आणि सूनबाईला सांगू लागल्या.

"दातांचे डॉक्टर. लिही. स्वतःचा मागचा दात किडका, म्हणून तोंड मिटून हसतो."

सूनबाईची बोटं थांबली. "आई, हे लिहू?"

"विशेष आहे की नाही?"

"आहे."

"मग लिही. मुख्याध्यापिकाबाई. पोरांना शिस्त लावते, घरात एका शर्टाला बटण नाही. वकील. बोलून घेऊ द्यावं, मान हलवावी, कोट वेळेवर द्यावा. गाण्याचे सर. गळा बरा, सूर दुसऱ्या कुणाचा तरी. घड्याळवाले. दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करतात, स्वतः कधी वेळेवर येत नाहीत."

सासूबाईंची जीभ आपल्याला सोडून इतरांवरून फिरते आहे, हा अनुभव सूनबाईला नवा होता. तिने एकही शब्द गाळला नाही. एक-दोन ठिकाणी तर तिने स्वतः होऊन आठवण करून दिली.

फक्त बँकेतल्या साहेबांपाशी मावशी अडकल्या. शर्ट पांढरे, घडी सरळ, डाग नाहीत, येतात, घेतात, जातात. डोळ्यांपुढे चेहराही नीट येईना. "राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याचं रिकामं सोड."

तक्ते भरले आणि शिकवणी सुरू झाली. घडी घातलेल्या शर्टात घालतात त्या पुठ्ठ्यांवर जावई मोठ्या अक्षरात लिहून आणत. मशीनला इंग्रजीतच विचारावं लागे. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते ओळखीचं करून घेतलं. एस म्हणजे साप. ई म्हणजे दात पडलेला कंगवा. टी म्हणजे हँगर. सिलेक्ट म्हणजे साप, कंगवा, काठी, पुन्हा कंगवा आणि पुढचं उरलेलं. पुठ्ठा एका हातात, दुसऱ्या हाताचं एक बोट हवेत, आणि अक्षर सापडलं की ते बोट माशीवर मारावं तसं खाली येई. दोनच दिवसांत सिलेक्टच्या सापावरचा रंग उडायला लागला.

पण अर्थ त्यांना पटकन कळला. सिलेक्ट म्हणजे काय काय हवं. फ्रॉम म्हणजे कुठल्या तक्त्यातून. व्हेअर म्हणजे कसलं, कुणाचं, कुठल्या रंगाचं.

"हे तर मी सूनबाईला रोज सांगते," मावशी म्हणाल्या. "डबा आण, वरच्या फळीवरचा आण, झाकण निळं असेल तो आण. निळं झाकण नाही सांगितलं तर फळीवरचे सगळे डबे घेऊन येते."

"बरोबर," जावई म्हणाले. त्यांच्या तोंडून न विचारता आलेली ही पहिली शाबासकी.

आणि मशीनचंही तसंच होतं. व्हेअर विसरल्या की गावातले सगळे कपडे पडद्यावरून धावत सुटत, आणि पँटी, परकर, पलंगपोस असा तो मोर्चा संपेपर्यंत मावशी हात जोडून बसत. व्हेअर लिहिलं तर दुसरीच तऱ्हा. मुख्याध्यापिकाबाईंचे पडदे शोधायचे होते. मावशींनी रंग घातला बदामी. मशीन म्हणालं, काही नाही. पडदे समोर टांगलेले. मावशींनी हात लांब केला असता तर लागले असते.

"हे तोंडावर खोटं बोलतंय," मावशी म्हणाल्या.

जावयाने सूनबाईला विचारलं. सूनबाईने तो रंग 'बिस्किटी' म्हणून भरला होता. मग हा रंग बदामी की बिस्किटी यावर सासूसुनेचं जे जुंपलं, त्यात निकाल द्यायला इस्त्रीवाल्या काकांना बोलवावं लागलं. काकांनी पडदा उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "धुण्याआधी बदामी होता."

"मशीनला डोळे नसतात," जावई मावशींना म्हणाले. "जे भरलंय तेच अक्षराला अक्षर शोधतं."

"आणि जे भरलंच नाही ते?"

"ते रिकामं. रिकामं म्हणजे 'नाही' असं नाही. रिकामं म्हणजे 'माहीत नाही'. काळा नसलेला कोट दाखव म्हटलं, तर ज्याचा रंगच भरला नाही तो कोट येत नाही."

मावशी विचारात पडल्या. "म्हणजे घड्याळवाल्यांच्या मुलाच्या नोकरीसारखं. आहे म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. नोकरी असलेल्यांतही तो धरता येत नाही आणि नसलेल्यांतही."

जावई चक्क हसले. सगळे दात दिसतील असे नाही, पण हसले. आपण खुर्ची राखणार याची मावशींना त्या दिवशी खात्री वाटली.

मग आला शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो घरोघरी कपडे पोचवत असे. त्याआधी प्रत्येक गठ्ठ्याला मशीनमधून निघालेली चिठ्ठी लागायची. ही चिठ्ठ्यांची ओळ जावईच चालवत. पण शुक्रवारी त्यांच्या वर्गाची परीक्षा होती, मुलगा साबणाच्या घाऊक खरेदीला परगावी गेला होता आणि सूनबाई दातांच्या डॉक्टरांकडे. मावशी म्हणाल्या, "चिठ्ठ्या मी काढते." कुणाच्या डोळ्यांत शंका दिसायच्या आत त्यांनी पुठ्ठा उचलला.

पुठ्ठ्यावरची ओळ लांब होती. गिऱ्हाइकाचं नाव, कपडा, हँगरचा नंबर, प्रत्येकाआधी कुठल्या तक्त्यातला ते, मध्ये टिंब, मध्ये खाली पाडलेली आडवी रेघ, मग तो दोन तक्ते जोडण्याचा भाग. मावशींनी बोट हवेत धरून ती ओळ लिहिली. मशीनने लाल अक्षरं दाखवली. कुठेतरी रेघ राहिली होती. रेघ घातली तर टिंब पडलं. टिंब उचललं तर स्वल्पविराम रुसला. चौथ्यांदा लाल अक्षरं आली तेव्हा मावशींचं नाकही त्याच रंगाचं झालं. टेम्पोवाला बाहेर येऊन उभा. तो तोंडाने काही बोलत नव्हता, नुसता हॉर्नवर हात ठेवून होता.

आणि मावशींना चांदणी आठवली.

शिकवणीत जावई एकदा म्हणाले होते, की सगळंच हवं असेल तर रकान्यांची नावं लिहायची गरज नाही, आठाच्या बटणाच्या डोक्यावरची चांदणी दाबायची. ती पडद्यावर बघण्यापुरती वापरावी, चिठ्ठीत नाही, हेही त्यांच्या मनात असणार. पण मावशींनी विचारलं नव्हतं.

मावशींनी नावं सगळी खोडली. त्यांच्या जागी एक चांदणी. मशीन पहिल्या फटक्यात कबूल. छापायचं यंत्र जे येईल ते उतरवतं, त्याने इमानेइतबारे सगळं उतरवलं: नंबर, नाव, फोन, पत्ता, कपडा, रंग, हँगर, शेरा. चिठ्ठी तेवढीच, मजकूर चौपट, त्यामुळे अक्षरं मुंगीच्या पिल्लाएवढी. चष्मा लावूनही मावशींना ती काळी रांगोळी दिसली. "बघा," त्या इस्त्रीवाल्या काकांना म्हणाल्या, "जावईबापू तीन गोष्टी काढायचे. मी सगळं दिलंय. हात आखडता नाही घेतला." काकांनी चिठ्ठ्या टाचल्या. टेम्पो गेला. मावशी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, दुकानात कुणी नसताना, पाय वर घेतले.

शनिवारी दार उघडलं तर पायरीवर दातांचे डॉक्टर उभे. तोंड मिटलेलं.

"मावशी," ते ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "माझ्या दाताबद्दल गावात कुणाकुणाला माहिती आहे?"

मावशींनी चिठ्ठी हातात घेतली, भिंग मागवलं, वाचली. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की ही अक्षरं नव्हेत, हा आपलाच आवाज आहे. पण चेहऱ्यावरची इस्त्री मोडू न देता त्या म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठीवर तुमचंच आहे. दुसऱ्यांना कसं कळेल?"

"माझा गठ्ठा चुकून मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला होता. त्यांनी आणून दिला. वाचून."

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. मग वकील. मग घड्याळवाले, जे आयुष्यात पहिल्यांदा दुकान उघडायच्या वेळेला हजर होते. गाण्याचे सर आले ते न बोलता भिंतीला टेकून उभे राहिले, आणि ते उभं राहणं बेसूर होतं असं कुणाला म्हणता आलं नसतं. औषधवाले कुठल्याच चिठ्ठीपायी आले नव्हते. ते सल्ला द्यायला आले होते.

"व्हायरस म्हणा," ते मावशींच्या कानाशी लागले. "कॉम्प्युटरला व्हायरस झाला म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही. मी औषधांच्या बाबतीत हेच करतो."

वकिलांनी घसा साफ केला. "मावशी, ही अब्रुनुकसानी आहे. मी बोलतो फार, असं जाहीरपणे लिहिणं म्हणजे, पहिला मुद्दा..." पहिल्या मुद्द्यातून दुसरा निघाला, दुसऱ्याला पोटमुद्दे होते. मावशी मान हलवत राहिल्या. जमलेल्या लोकांनी आधी वकिलांकडे पाहिलं, मग मावशींच्या मानेकडे, आणि मग मुख्याध्यापिकाबाईंनाच पहिलं हसू फुटलं. त्या हसल्या तशा बँकेतल्या साहेबांनी गर्दीतून वाट काढली.

"माझ्या चिठ्ठीवर काही नाही," ते म्हणाले.

"मग सुटलात," घड्याळवाले म्हणाले.

"सुटलो कसला? यांच्या दाताच्याही दोन ओळी. तुमच्या वेळेचीही एक ओळ. मी इतकी वर्षं इथे शर्ट देतो आणि माझ्याबद्दल सांगण्यासारखं एक अक्षर नाही?" साहेबांचा आवाज खरोखर हलला. "बायकोने वाचलं. ती म्हणाली, मावशींचं बरोबर आहे."

इतक्या तक्रारींत ही एकच मावशींना लागली. पण उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण मागच्या दाराने मुलगा आला होता. त्याने हातातली साबणाची पोती खाली ठेवली, एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, मग आईकडे पाहिलं.

"कुणी केलं हे?"

सूनबाईने पदराचं टोक तोंडात घेतलं. शेरे तिच्या बोटांतून गेले होते आणि ते कुणी विचारू नये म्हणून ती मनातल्या मनात जप करत असावी. मावशी खुर्चीच्या हातावर हात दाबून बसल्या. कबूल केलं तर खुर्ची गेली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. नाही केलं तर उरलेल्या आयुष्यात आरशात बघायची पंचाईत.

जावई लेकीबरोबर दारात येऊन उभे होते. त्यांच्याही हातात त्यांच्या शर्टाची चिठ्ठी होती. मावशींना तिथला शेरा पाठ होता: जावई. विचारल्याशिवाय बोलत नाही, विचारल्यावरही मोजून. कॉलर आतून मळते, मन मळत नाही असं लेक म्हणते.

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि ते पुढे आले.

"मी केलं," जावई म्हणाले.

कुणीही त्यांना विचारलं नव्हतं.

मुलगा चक्रावला. "तुम्ही? कधी?"

"काल."

"काल कधी?"

"दुपारी."

"काल दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"वर्गात."

"वर्गात काय करत होतात?"

"परीक्षा घेत होतो."

"मग इथे मशीनवर कोण होतं?"

जावयाने तोंड उघडलं. खोटं बोलायची त्यांची मनापासून इच्छा होती हे सगळ्यांना दिसत होतं. पण प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय त्या माणसाच्या हाडात भिनलेली. ते नुसते उभे राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग कान, मग मान. वकिलांनी धंद्याच्या सवयीने मान हलवली. असा साक्षीदार त्यांनी पाहिला नव्हता.

मावशींना ते बघवेना. आपली चूक दुसऱ्याने उचलायची, तीही इतक्या वाईट तऱ्हेने उचलायची, हे त्यांच्या अभिमानाला सोसण्यासारखं नव्हतं.

"गप्प बसा सगळे," त्या म्हणाल्या. "चांदणी मी दाबली. ओळ लांब होती, टेम्पो बोंबलत होता, मी दाबली. आणि शेरे मी सांगितले. सूनबाईने फक्त लिहिले. आता ज्याच्या चिठ्ठीवर खोटं असेल त्याने पुढं यावं. मी हात जोडून माफी मागते आणि आत जाऊन बसते."

कुणी पुढे येईना. डॉक्टरांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या नवऱ्याच्या शर्टाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. गाण्याचे सर काहीतरी म्हणणार होते, पण आवाज कुठल्या पट्टीत लावावा याचा त्यांचा अंदाज चुकला आणि ते थांबले. घड्याळवाल्यांनी घड्याळ पाहिलं.

"खोटं नाही हो," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण हे आतलं होतं. आतलं आत राहायला पाहिजे होतं."

"ते चुकलं," मावशी म्हणाल्या. "ते माझं चुकलं. जीभ माझी, ती मला आवरता येते. मशीनची आवरायची राहिली. दात काढून घ्या डॉक्टर, मी गावभर सांगेन की आता हा माणूस मोकळा हसतो."

डॉक्टर हसले. तोंड उघडून. दात खरोखर फार वाईट होता.

तेवढ्यात बँकेतले साहेब पुन्हा काउंटरला टेकले. "आणि माझं?"

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. पांढरा शर्ट, सरळ घडी, आणि गर्दीतल्या सगळ्यांची भांडणं बाजूला सारून आपलं काही लिहिलं जावं म्हणून ताटकळलेला चेहरा. "सूनबाई, लिही," त्या म्हणाल्या. "बँकेतले साहेब. डाग पडू देत नाहीत. विचारावं लागतं, नाहीतर मनाला लावून घेतात."

साहेबांनी ते सूनबाईकडून दोनदा वाचून घेतलं आणि लगेच घरी जाऊन बायकोचा कोट धुवायला आणून टाकला. त्यांच्या मागोमाग वकिलांनी दोन टाकले. दुसऱ्यांचे शेरे काय आहेत, हे चौकशी न करता कळायला दुकानात थांबणं भाग होतं आणि थांबायला काहीतरी कपडा लागतो. मुलगा कपडे मोजून घेता घेता एकदा आईच्या खुर्चीकडे बघे, एकदा वाढत्या गठ्ठ्याकडे. गठ्ठा उंच होत गेला तसा तो बोलायचं पुढे ढकलत गेला. शेवटी त्याने साबणाची पोती उचलली आणि तो मागे निघून गेला.

"आराम कर म्हणत होतास ना?" मावशींनी मागून विचारलं.

"काही नाही," मुलगा आतून म्हणाला.

जावई मशीनसमोर बसले होते. चिठ्ठ्यांच्या ओळीत तीन गोष्टी सोडून चौथं काही शिरणार नाही, चांदणी तर नाहीच नाही, अशी तजवीज ते करत होते. मावशी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची थोडी सरकवून घेतली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"जावईबापू, तुम्ही मला मशीनला विचारायला शिकवलंत, त्याचे उपकार आहेत. पण एवढं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नाही. माझ्यासाठी बोललात म्हणून सोडते, नाहीतर लेकीला परत आणली असती. गिऱ्हाइकांच्या धंद्यात असला माणूस दोन दिवस टिकायचा नाही. उद्यापासून वर्ग सुटला की इथं येत जा, मी शिकवते. आणि कुणी विचारायची वाट बघू नका, ते स्टूल ओढा आणि बसा. खुर्ची माझी आहे."